जहाजाचे साडेचार

नेरेइदा : आई, जहाजातल्या त्या बाईच्या हातातली ताटली तुम्ही खरंच ओढलीत?

तेओफिला : ओढली नाही, उचलली. चार कोळंब्या राहिल्या होत्या, त्या कागदात बांधून दिल्या. वर लिंबूही पिळलं.

नेरेइदा : ती बंदराच्या ओसुनासाहेबांकडे गेलीय. हातवारे बघा तिचे.

तेओफिला : करू दे. तेवढाच हाताला व्यायाम.

(मासात्लान बंदराचं फाटक. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात दुपारचे पावणेतीन. छपरांच्या वर पांढऱ्या जहाजाचे तीन मजले दिसतात. फाटकाबाहेर पाच उघड्या गाड्यांची जागा, त्यांतल्या चार उभ्या. शेजारी दोरीवर कपड्याचे लाल चिमटे लावलेले, आणि दोरीखाली लाकडी खुर्चीत बसलेली तेओफिला, मनगटावर नवऱ्याचं भलंमोठं घड्याळ.)

ओसुना : डोन्या तेओफिला, तक्रार आली आहे.

तेओफिला : एकच?

ओसुना : थट्टा नको. त्या बाई म्हणतात, त्यांना पोटभर जेवू दिलं नाही, बाजारातून गुरासारखं हाकलत आणलं, आणि तुमच्या गाडीत वाऱ्याने त्यांची टोपी उडाली.

तेओफिला : गाडीचं नावच पुल्मोनिया, साहेब. न्यूमोनिया होईल इतकं वारं लागतं म्हणून पडलेलं नाव. टोपी काय, डोक्यावरचा विगसुद्धा उडतो. पाटीवर लिहिलंय तसं. वाच ग, नेरेइदा.

नेरेइदा : "टोपी हातात धरा. भाडं बसण्याआधी ठरवा, द्या मात्र परत फाटकाशी आल्यावर. जहाजाच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. गावातल्या बाया पोरं घेऊन जिथे जेवतात, तिथेच जेवा. कॉलरला लावलेला लाल चिमटा परत आल्यावर दोरीवर..."

ओसुना : ही पाटी लावायला परवानगी कुणी दिली?

तेओफिला : पाटी माझी, खिळा माझा. भिंत तेवढी सरकारची. भिंतीला काही दुखलं असेल तर सांगा, मलम लावते.

नेरेइदा : इंग्रजी माझं आहे, साहेब. सासूबाई बोलल्या, मी लिहिलं. अर्ध्या शिव्या गाळल्या.

ओसुना : हे बघा, मी सरळ सांगतो. आज तुमची परीक्षा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जहाजाच्या बस न घेता जे आपापले फिरायला निघतात, असे अठराजण तुम्ही नेलेत. बसकंपन्यांच्या अर्जावरून नियम ठरलाय. एका जरी माणसाचं जहाज चुकलं, किंवा एक जरी लेखी तक्रार आली, तर तुमच्या गाड्यांची जागा फाटकाजवळून हलणार. बर्फाच्या कारखान्यामागे.

तेओफिला : जिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

ओसुना : जागा जागाच असते.

तेओफिला : मग तुमची खुर्ची न्या की तिकडे. चाळीस वर्षं ह्या फाटकाशी आमची गाडी उभी आहे, साहेब. माझे एन्कार्नासिओन ह्याच उन्हात उभे राहून गेले. तुम्ही तेव्हा हाफ चड्डीत होतात आणि नाक पुसायला तुमच्या आईचा पदर शोधत होतात.

ओसुना : माझ्या आईचा इथे काय संबंध?

तेओफिला : काही नाही. चेलो भली बाई होती. तिला बोलणं कळायचं.

ओसुना : बाई आत बसून तक्रार लिहिताहेत. मला कारण तरी द्या. जहाजाचा जिना बंद होतो साडेचारला. दर हिवाळ्यात होतो तसाच. जहाजाचं घड्याळ आपल्या एक तास मागे, म्हणजे आपले साडेपाच. आता वाजलेत पावणेतीन. पावणेतीन तास आधी माणसं का गोळा केलीत?

तेओफिला : कारण आता पावणेचार वाजलेत.

ओसुना : कुठे?

तेओफिला : जहाजावर.

ओसुना : डोन्या, भिंतीवर बघा.

तेओफिला : भिंत जहाजात बसून जाणार आहे का?

नेरेइदा : आई, जरा हळू. साहेब, ह्यांचं म्हणणं असं, की हे जहाज दर आठवड्याचं नाही. आपली जहाजं वरून, कॅलिफोर्नियाहून येतात, ती एक तास मागे असतात. हे नवीन आहे. हे खालून, वायार्ताहून आलंय. वायार्ताचं घड्याळ आपल्या एक तास पुढे. जहाजाने ते बदललंच नाही, असं ह्या म्हणतात.

ओसुना : असं ह्या म्हणतात. आणि ह्यांना कुणी सांगितलं? कप्तानाने?

तेओफिला : इस्त्रीवाल्याने.

ओसुना : कुणी?

तेओफिला : जहाजावर चादरींना इस्त्री करतो तो फिलिपिनो मुलगा. सकाळी सात वाजता घरी फोन लावायला बाहेर पडला. मी त्याला कॉफी दिली आणि म्हटलं, बाळा, मनगट दाखव. आठ वाजले होते त्याचे. मी ह्यांचं घड्याळ तिथेच पुढे केलं.

ओसुना : म्हणजे तीन बसकंपन्यांची माणसं, माझं कार्यालय, सगळं बंदर चुकीचं, आणि एक इस्त्रीवाला बरोबर?

तेओफिला : तुमच्या कागदावर साडेचार लिहिलंय. कुणाचे साडेचार, ते तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं?

ओसुना : वीस वर्षं जहाज एक तास मागेच असतं!

तेओफिला : वीस वर्षं जहाज वरून यायचं. आज उतरताना बायकांच्या हातात काय होतं, पाहिलंत? मण्यांची कांकणं, वायार्ताच्या किनाऱ्यावर विकतात ती. डोक्यावर तिथल्याच टोप्या. वाट कुठली आहे ते माणसाच्या अंगावर लिहिलेलं असतं. मला दुसरं वाचता येत नाही म्हणून मी तेवढं नीट वाचते.

ओसुना : आणि समजा तुमचा इस्त्रीवाला चुकला? त्याने घड्याळ लावलंच नसेल? मग अठरा माणसांचा अर्धा दिवस तुम्ही वाया घालवलात. अठरा तक्रारी.

तेओफिला : मग माझी खुर्ची मी स्वतः उचलून बर्फाच्या कारखान्यामागे नेईन. तुम्हाला सांगावं लागणार नाही.

ओसुना : ठीक आहे. मी आत जाऊन त्या बाईंच्या कागदावर शिक्का मारतो.

तेओफिला : मारा. शाई वाळेपर्यंत तरी थांबा म्हणजे झालं.

नेरेइदा : गेले. आई, खरं सांगा. तुम्हाला नक्की खात्री आहे?

तेओफिला : तुला काय वाटतं?

नेरेइदा : मला वाटतं माझ्या फोनवर पावणेतीन वाजून गेलेत. भिंतीवर तेच. प्रवाशांच्या फोनवरही तेच, फोन जमिनीला लागला की आपोआप गावाची वेळ धरतो. सगळे एका बाजूला आणि तुम्ही त्या मुलाच्या मनगटावर चाळीस वर्षांची जागा लावलीत. जागा गेली तर ताचो, बेतो, सगळे गाडीवाले घरी बसतील. मी पुन्हा हॉटेलात चादरी बदलायला जाईन.

तेओफिला : मागच्या हिवाळ्यातल्या त्या दोन म्हाताऱ्या आठवतात?

नेरेइदा : आठवतात.

तेओफिला : माझ्याच भाच्याच्या गाडीतल्या. त्यांचा फोन जहाजाच्या वेळेवरच अडकलेला, ह्याने ती गावाची समजली आणि निवांत निघाले, तासभर उशिरा. जहाज डोळ्यांदेखत खाडीबाहेर पडलं. त्या माझ्या अंगणात बसून रडल्या ग. धाकटी विचारत होती, माझी गोळ्यांची पिशवी कुठे आहे? पिशवी जहाजात. त्या दिवसापासून मी फोनकडे, भिंतीकडे, कशाकडेच बघत नाही. जो माणूस जहाजात झोपतो त्यालाच विचारते. दोरीवर किती आहेत?

नेरेइदा : पंधरा. तीन चिमटे यायचेत.

तेओफिला : कुणाचे?

नेरेइदा : ते उंच आजोबा, हॉल्वर्सन, आणि त्यांच्या दोन मेहुण्या. ताचो घेऊन गेलाय, दीपस्तंभाच्या टेकडीवर.

तेओफिला : एक्याऐंशी वर्षांचा माणूस आणि टेकडी! ताचोला फोन लाव.

नेरेइदा : लावतेय... ताचो? कुठे आहात? ... अजून? ... आई, आजोबा वर जायचा हट्ट धरून बसलेत. तीनशे पायऱ्यांतल्या दोनशे झाल्यात. मेहुण्या खाली गाडीत आहेत.

तेओफिला : त्याला म्हणावं खाली ये. आत्ता.

नेरेइदा : फोन त्याला दे, ताचो. ... हो सर... नो सर... आई, तो म्हणतो, फोनवर तीनला दहा कमी आहेत. तुमच्यासारखी वेडी म्हातारी त्याने ह्याआधी फक्त आरशात पाहिली, तीही पुरुषाच्या वेशात.

तेओफिला : म्हणजे शहाणा आहे. सांग, फोन खिशात ठेव. त्याच्या डाव्या हातात घड्याळ आहे. चावीचं. सकाळी पैसे मोजताना कानाला लावत होता, मी बघितलंय.

नेरेइदा : तर?

तेओफिला : चावीचं घड्याळ जमीन लागली म्हणून बदलत नाही. त्याने ते सकाळी जहाजात, न्याहारीच्या वेळी चावी देऊन लावलं असणार. विचार, मनगट काय म्हणतंय.

नेरेइदा : सर, प्लीज, तुमचं हातातलं घड्याळ बघा. फोन नाही. घड्याळ. ... सर? ... आई, तो चष्मा शोधतोय.

तेओफिला : शोधू दे.

नेरेइदा : काय म्हणालात, सर? ... आई. चारला दहा कमी.

तेओफिला : हं.

नेरेइदा : आई, चारला दहा कमी! तुमच्या घड्याळाला मिनिटही इकडे तिकडे नाही!

तेओफिला : नाचू नको, त्याला उतरव. ताचोला म्हणावं पुढे चाल, तुझ्या खांद्यावर हात ठेवू दे त्याला. आजोबा पडला तर मी तुला टेकडीवरच पुरेन.

नेरेइदा : ताचो, ऐकलंस ना? ... हो, ऐकलं म्हणतो. आजोबा हसतोय. खाली उतरतोय, आई.

तेओफिला : ह्या पंधराजणांना आत पाठव. बेतोला म्हणावं आतल्या छोट्या गाडीत चढवून जिन्यापर्यंत सोबत जा. कुणाचं पाणी, कुणाची काठी, सगळं बघ. आणि त्या कोळंबीवाल्या बाईला आतून बाहेर काढ. कागद लिहून झाला असेल तर कागदासकट.

ओसुना : कुठे नेताय? त्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या!

तेओफिला : जहाजात बसतील. तिथे खुर्च्या बऱ्या आहेत.

ओसुना : शिक्का मारायचा आहे.

नेरेइदा : साहेब, हॉल्वर्सन आजोबांच्या हातातल्या घड्याळातही जहाजाचीच वेळ आहे. आता चार वाजतील. तुम्ही जिन्यावर फोन करून विचारा ना एकदा.

ओसुना : मी, ह्या बंदराचा अधिकारी, जिन्यावर फोन करून विचारू, किती वाजले? उद्या विचारीन, आज कोणता वार आहे? एका म्हाताऱ्याच्या चावीच्या घड्याळावरून...

तेओफिला : बस कुठे आहेत तुमच्या?

ओसुना : माझ्या नाहीत, कंपन्यांच्या आहेत. एल केलिते गावाला, जेवायला. तीन बस, एकशेवीस माणसं. निवांत. त्यांना कुणी ताटावरून उठवत नाही.

तेओफिला : नाच चाललाय का?

ओसुना : असेल. जेवणानंतर नाच असतोच.

तेओफिला : असू दे. नाचणाऱ्याला थांबवू नये.

नेरेइदा : आई, पंधराजण जिन्यावर पोचले. बेतोचा निरोप. जिन्यावरचा शिपाई म्हणाला, शाब्बास, वेळेत आलात.

ओसुना : कुठल्या वेळेत?

नेरेइदा : त्याच्या.

ओसुना : हे बघा, शिपाई काहीही...

तेओफिला : ऐका.

ओसुना : काय?

तेओफिला : भोंगा.

ओसुना : हा... हा कोळ्यांच्या ट्रॉलरचा असेल.

तेओफिला : ट्रॉलरचा भोंगा शिंकल्यासारखा वाजतो. हा पोटातून आलाय. पंधरा मिनिटं राहिली की देतात तो.

नेरेइदा : साहेब, तुमचा फोन वाजतोय.

ओसुना : हॅलो. ... हो, मीच. ... एकशेवीस. ... नाही, म्हणजे हो. ... साडेपाच... नाही का? ... वायार्ताची? ... अरे देवा. ... हो. ... हो, आपल्याच बस. ... थांबतील ना? ... मेहेरबानी.

तेओफिला : पाणी घ्या, साहेब. बसा. नेरेइदा, माझी खुर्ची दे त्यांना.

ओसुना : एकशेवीस माणसं केलितेत नाचताहेत.

तेओफिला : जहाज थांबेल. बसचं तिकीट जहाजानेच विकलंय, त्यांना टाकून कसं जाईल? कंपन्यांच्या पोरी रोज सकाळी हेच ओरडतात ना फाटकाशी, आमच्याबरोबर या, जहाज तुमच्यासाठी थांबेल! आज खरं होणार. माझ्या माणसांसाठी मात्र कुणी थांबत नाही, म्हणून मी आधी येते.

नेरेइदा : आई! ताचो! वळणावर ताचोची गाडी!

तेओफिला : किती डोकी?

नेरेइदा : दोन टोप्या... आणि एक उंच टक्कल. तिघं! आजोबा उभा राहून हात हलवतोय, खाली बस हो, पडाल!

तेओफिला : किती वाजले?

नेरेइदा : भिंतीवर तीन वीस.

तेओफिला : तिच्याशी मला काय करायचंय?

नेरेइदा : चार वीस, आई. चार वीस! सर, चिमटा द्या. कॉलरवरचा. ... थँक यू. ... आई, ते म्हणतात टेकडीच्या टोकावर नाही पोचले, त्याचं दुःख आहे, पण वेड्या बाईला भेटले ते बरं झालं. तुमच्या हाताचं चुंबन घ्यायचंय म्हणे.

तेओफिला : हाताला कांद्याचा वास आहे, सांग. ... घेतलंच का! बरं. पळव त्याला. ताचो, छोट्या गाडीत चढव तिघांना, आणि लगेच परत ये, आणखी काम आहे.

नेरेइदा : अठरा. दोरी भरली.

ओसुना : डोन्या तेओफिला...

तेओफिला : तुमच्या बस निघाल्या का?

ओसुना : आत्ता निघाल्या. चाळीस मिनिटं तरी लागतील. पण मोठ्या रस्त्यावर...

तेओफिला : मोठ्या रस्त्यावर ह्या वेळी तिन्ही शाळा सुटतात. तासभर अडकाल. ताचो, बेतो, सगळ्या गाड्या काढा. गावाच्या वेशीवर उभे राहा आणि बसच्या पुढे चाला, मासे डब्यात भरतात त्या कारखान्याच्या मागून, मासळीबाजाराच्या अंगाने. टोपल्या बाजूला करायला सांगा बायकांना, माझं नाव सांगा.

ओसुना : तुम्ही... त्यांना आणणार? त्या तुमच्या विरुद्ध अर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत.

तेओफिला : अर्ज कंपन्यांनी दिला. बसमध्ये माणसं आहेत. त्यांच्याही गोळ्यांच्या पिशव्या जहाजातच असतील.

नेरेइदा : आई, वर बघा! कठड्याशी! आपली सगळी उभी आहेत, लाल चिमटे नसले तरी मी ओळखते. ती कोळंबीवाली बाई पण. हातात काय आहे तिच्या?

तेओफिला : कागद.

ओसुना : तक्रारीचा?

नेरेइदा : नाही हो साहेब. कोळंबीचा. खातेय ती. आणि हात हलवतेय.

तेओफिला : लिंबू जास्त झालं नसेल म्हणजे मिळवली.

ओसुना : मग मी ज्यावर शिक्का मारणार होतो तो कागद...

नेरेइदा : जाताना तिने फाडून तुमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला म्हणाली, त्या बाईला सांग, माझ्या आईनेही अशीच ताटली उचलली असती.

तेओफिला : आता बस येईपर्यंत बसून राहा, साहेब. नारळाचं पाणी दे ग त्यांना.

ओसुना : सगळं बंदर बघतंय मला.

तेओफिला : बघू दे. मागच्या हिवाळ्यात मला बघत होतं. मरत नाही माणूस त्याने.

नेरेइदा : त्या आल्या! पुढे ताचो, मागे तीन बस! आई, बाजारातल्या बायका टोपल्या हलवून टाळ्या वाजवताहेत म्हणे, ताचो रस्ताभर हॉर्न वाजवत आलाय. लग्नाची वरात निघाल्यासारखं!

तेओफिला : पुढे आमची गाडी, मागे त्यांच्या बस. ह्याचा फोटो काढ, नेरेइदा. एन्कार्नासिओनच्या तसबिरीखाली लावीन.

नेरेइदा : आणि वरून आपले प्रवासी बसवाल्यांना ओरडताहेत. आजोबा सगळ्यांत मोठ्याने. "उशीर झाला!" म्हणतोय, घड्याळ दाखवून.

ओसुना : पाच वाजून पाच मिनिटं. जहाजाची. पस्तीस मिनिटं थांबलं.

तेओफिला : अरे वा. शिकलात.

ओसुना : डोन्या तेओफिला, तुमची जागा...

तेओफिला : हं, काय झालं तिचं?

ओसुना : फाटकाबाहेर राहणार नाही.

नेरेइदा : साहेब!

ओसुना : ऐकून तर घ्या. आत. बदामाच्या झाडाखाली, सावलीत, जिथून प्रवासी आधी बाहेर पडतात तिथे. क्रमांक एक. पाटीसकट. खिळा मी ठोकून देतो.

तेओफिला : खिळा माझा मी ठोकते. हातोडी तेवढी पाठवा.

ओसुना : आणि एक विचारायचं होतं. गुरुवारी आणखी एक नवीन जहाज येतंय. कुठून, ते कागदावर आहे, पण... वेळ...

तेओफिला : सकाळी साडेसहाला ये. कॉफी मी देईन, कप तुझा तू आण. इस्त्रीवाला बाहेर पडला की दोघं मिळून त्याचं मनगट बघू. लाजू नको, पोरा. तुझी आईसुद्धा मीठ विचारायला शेजारी जायची.

ओसुना : येतो, डोन्या. साडेसहाला येतो.

नेरेइदा : कुणाच्या साडेसहाला, साहेब?

ओसुना : ... तुमच्या.

नेरेइदा : गेले बिचारे. जहाजही सुटलं, आई. वळलंय. चला, खुर्ची घेते मी. ह्या गर्दीत ते घड्याळ मागे घ्यायचं विसराल, द्या इकडे, लावून देते गावाच्या वेळेवर.

तेओफिला : राहू दे जरा.

नेरेइदा : आता कशाला? सगळे आत आहेत, अठराच्या अठरा.

तेओफिला : दीपस्तंभापाशी पोचू दे. तो म्हातारा तिथवर कठड्याशी उभा राहणार, टेकडीचं टोक बघायला. तोपर्यंत त्याची वेळ राहू दे माझ्या हातात.